बैठे घर की दुमजली घर: सारख्या क्षेत्रफळाच्या दोन नमुना घरांचे परीक्षण

एका गृहप्रकल्पात शेजारी शेजारी उभारलेली दोन नमुना घरे आम्ही गेल्या महिन्यात तीनदा जाऊन पाहिली: एकदा सकाळी, एकदा भर दुपारी आणि एकदा दिवेलागणीनंतर. दोन्ही घरांचे बांधीव क्षेत्र 150 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 1,600 चौरस फूट आहे, दोन्हींत तीन शयनगृहे आहेत आणि दोन्ही 15 बाय 20 मीटरच्या भूखंडावर उभी आहेत. फरक इतकाच की एक घर बैठे आहे आणि दुसरे दुमजली. फरशी, रंग, दारे-खिडक्या आणि नळ दोन्हीकडे एकाच प्रतीचे असल्याने त्यांविषयी येथे लिहिण्यासारखे काही नाही. आम्ही पूर्वी नऊ वर्षे दुमजली घरात राहिलो आणि गेली सहा वर्षे बैठ्या घरात राहत आहोत, त्यामुळे नमुना घरातील फुलदाण्या व मंद दिवे बाजूला सारून काय पाहायचे याचा थोडाफार अंदाज होता.

दुमजली घराच्या दारातून आत शिरताच नजर जाते ती जिन्याकडे, आणि विकणाऱ्याचीही तीच इच्छा असते. लाकडी कठडा, वरून येणारा उजेड आणि भिंतीवरची चित्रे यांमुळे जिना ही त्या घरातील सर्वांत देखणी वस्तू झाली आहे. आम्ही मात्र सोबत मोजपट्टी नेली होती. एका मजल्याच्या फरशीपासून दुसऱ्या मजल्याच्या फरशीपर्यंतची उंची 3.15 मीटर आहे आणि ती 18 चढांत विभागलेली आहे, म्हणजे प्रत्येक चढ 17.5 सेंटिमीटरचा यायला हवा. पाऊल ठेवण्याची जागा 27 सेंटिमीटर आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लोंदेल याने माणसाच्या चालीवरून घालून दिलेला ठोकताळा आजही थोड्याफार फरकाने वापरला जातो: चढाची दुप्पट आणि पाऊल ठेवण्याची रुंदी यांची बेरीज साधारणपणे 60 ते 64 सेंटिमीटर यावी. येथे ती 62 येते, म्हणजे कागदावर जिना उत्तम आहे.

प्रत्यक्षात खालचा पहिला चढ 14.5 सेंटिमीटरचा भरला आणि सगळ्यांत वरचा 20.5 सेंटिमीटरचा. मधले सोळा चढ बरोबर होते. याचे कारण बांधकामाच्या क्रमात आहे. जिन्याचे काँक्रीट सारख्या उंचीने ओतले जाते, पण नंतर दोन्ही मजल्यांवर मसाला आणि फरशी मिळून सहा सेंटिमीटरचा थर बसतो आणि पायऱ्यांवर मात्र तीनच सेंटिमीटरचा. त्यामुळे खालच्या टोकाला तीन सेंटिमीटर कमी होतात आणि तेच वरच्या टोकाला वाढतात. काँक्रीट ओतण्यापूर्वी अंतिम फरशीची पातळी धरून आखणी केली असती तर ही चूक झाली नसती. जिना चढणारा माणूस प्रत्येक पायरीकडे पाहत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवर पायाला जे माप कळते त्यावरच तो पुढे चालतो, आणि म्हणूनच सगळा जिना थोडा उंच असणे परवडते पण एकच पायरी वेगळी असणे परवडत नाही. हे दाखवून दिल्यावर तेथील विक्री प्रतिनिधीने ‘राहायला लागलात की सवय होते’ असे उत्तर दिले. घरातल्यांना सवय होईलही, पण पाहुण्यांना आणि अर्धवट झोपेत पाणी प्यायला उठलेल्या मुलाला ती कोण लावणार, हा प्रश्न उरतोच.

जिना किती जागा खातो हेही मोजण्यासारखे आहे. मधला लँडिंग धरून हा जिना 3.16 मीटर लांब आणि 2.1 मीटर रुंद आहे, म्हणजे एका मजल्यावर साडेसहा चौरस मीटरांहून थोडा जास्त आणि दोन मजल्यांवर मिळून 13 चौरस मीटर. एवढ्या जागेत एक बऱ्यापैकी शयनगृह होते. जिन्याखाली कपाट काढून दोन-तीन चौरस मीटर परत मिळवता येतात, आणि या नमुना घरात ते काढलेलेही आहे. मात्र येथे बैठ्या घराची बाजू घेण्याची घाई करू नये, कारण तिकडे जिन्याऐवजी नऊ मीटर लांब आणि 1.1 मीटर रुंद पॅसेज आहे आणि त्याचे क्षेत्र दहा चौरस मीटरच्या आसपास जाते. बैठ्या घरात खोल्या एका ओळीत पसरतात आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायला वाट द्यावीच लागते. जाहिरातीत दोन्ही घरांचे क्षेत्रफळ सारखे दाखवले असले तरी खोल्यांची बेरीज करून पाहिल्यास बैठे घर जेमतेम तीन चौरस मीटरने, आणि जिन्याखालचे कपाट धरले तर त्याहूनही कमी फरकाने पुढे आहे. मला हा फरक बराच मोठा निघेल असे वाटले होते.

फरक निघतो तो वापरात. दुमजली घरात राहत असताना एका रविवारी गंमत म्हणून आम्ही कागद जिन्याशी टांगून प्रत्येक चढण्याची रेघ मारली होती, आणि चार माणसांच्या मिळून 41 रेघा झाल्या, म्हणजे एका दिवसात घरातल्या घरात एक्केचाळीस मजल्यांची चढण. त्यातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या विसरलेल्या वस्तूंसाठी होत्या: चष्मा, चार्जर, वाळत घातलेला टॉवेल. तरुण वयात याचे काही वाटत नाही आणि तो व्यायामच झाला असेही म्हणता येते. पण नंतर आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तिला सहा आठवडे जिना वर्ज्य झाला. खालच्या मजल्यावर शयनगृह नव्हते आणि स्नानगृहही नव्हते, केवळ हात धुण्यापुरते बेसिन आणि एक शौचालय होते. दिवाणखान्यात पलंग आला, पडदा लागला, आणि त्या दीड महिन्यात आमच्या दुमजली घराचा वरचा मजला तिच्यासाठी दुसऱ्या गावी असल्यासारखा झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 माणसे दगावतात आणि अशा जीवघेण्या पडण्यांचे सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्या माणसांत आहे. हा आकडा सगळ्या प्रकारच्या पडण्यांचा आहे, केवळ जिन्यांवरचा नव्हे. पण ज्या घरात म्हातारपण काढायचे आहे ते निवडताना तो मनातून जात नाही.

नमुना घरातही नेमकी हीच उणीव आहे. खाली दिवाणखाना, स्वयंपाकघर, जेवणाची जागा आणि एक शौचालय. तिन्ही शयनगृहे आणि दोन्ही स्नानगृहे वर. चित्रात ही मांडणी सुटसुटीत दिसते, कारण दिवसाचे घर खाली आणि रात्रीचे घर वर अशी सरळ वाटणी होते. माझ्या मते दुमजली घराच्या आराखड्यातील हा सर्वांत महागडा दोष आहे. खाली एक लहानसे का होईना शयनगृह आणि त्याला लागून पूर्ण स्नानगृह असेल तर दुमजली घराविरुद्धचे माझे निम्मे आक्षेप मागे घेता येतात.

आता वरच्या मजल्याचे जे खरे सुख आहे त्याविषयी. त्याचे नाव अंतर. बैठ्या घरात गेली सहा वर्षे राहताना आम्हाला सर्वांत जास्त आठवण येते ती याची. कुणाला झोपायचे आहे, कुणाला मोठ्या आवाजात क्रिकेट पाहायचे आहे, कुणाला परीक्षेचा अभ्यास करायचा आहे आणि कुणाला नुसतेच रुसून बसायचे आहे, अशा वेळी वर निघून जाता येणे ही फार मोठी सोय असते. बैठ्या घरात दिवाणखान्याची भिंत आणि शयनगृहाची भिंत बहुधा एकच असते, त्यामुळे दार लावले तरी माणूस त्याच गप्पांत बसलेला असतो. अर्थात दुमजली घरालाही आवाजाचा त्रास आहे, पण तो वेगळ्या जातीचा. बोलणे स्लॅबमधून फारसे खाली येत नाही. खुर्ची सरकवण्याचा, चेंडू आपटण्याचा आणि टाचांचा आवाज मात्र जसाच्या तसा येतो, कारण तो हवेतून न येता काँक्रीटमधूनच प्रवास करतो. जाड गालिच्याने तो बराच कमी होतो, भिंती रंगवून होत नाही.

रात्री खिडकी उघडी टाकून झोपता येणे हे वरच्या मजल्याचे दुसरे सुख. बैठ्या घरात प्रत्येक खिडकी रस्त्यावरच्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर असते, त्यामुळे गज, जाळ्या आणि पडदे यांच्याशिवाय झोप लागत नाही. दिवेलागणीनंतरच्या आमच्या फेरीत हे फारच ठळकपणे जाणवले: बैठ्या नमुना घराचे मागचे शयनगृह शेजारच्या भूखंडावरून पूर्ण दिसत होते, तर दुमजली घरातील वरच्या खोलीत दिवा लावूनही आपण कुणाला दिसतो आहोत असे वाटत नव्हते. आगीसारख्या प्रसंगात मात्र हीच उंची उलटते. बैठ्या घरात कोणत्याही खोलीतून अंगणात पाऊल टाकता येते, फक्त प्रत्येक खोलीतील एका खिडकीचे गज आतून उघडणारे असले पाहिजेत. दुमजली घरात सुटकेची वाट जिन्यावरूनच जाते, आणि धूरही त्याच जिन्याने वर चढतो.

भर दुपारची फेरी तापमानासाठी होती. लोकांचा समज असा असतो की पसरलेल्या बैठ्या घराला बाहेरचा पृष्ठभाग जास्त, म्हणून ते जास्त तापते. आकडे थोडे वेगळे बोलतात. 15 बाय 10 मीटरच्या बैठ्या घराचे छत 150 चौरस मीटर आणि बाहेरच्या भिंती सुमारे 158, एकूण 308 चौरस मीटर. 10 बाय 7.5 मीटरच्या दुमजली घराचे छत 75 आणि भिंती सुमारे 221, एकूण 296. बेरीज जवळजवळ सारखीच आहे. बदलली आहे ती वाटणी. उष्ण प्रदेशात सूर्य डोक्यावर असताना सर्वाधिक ऊन सपाट छतावर पडते, काँक्रीटचा स्लॅब ते दिवसभर साठवतो आणि संध्याकाळनंतर खालच्या खोलीत सोडतो. बैठ्या घरातील प्रत्येक खोली अशा स्लॅबखाली आहे. दुमजली घरात वरच्या खोल्यांची तीच अवस्था असते, पण खालच्या मजल्यावर वरचा मजला छत्रीसारखा उभा असतो, आणि दुपारी तीन वाजता त्या दिवाणखान्यात उभे राहिल्यावर हे समजायला तापमापकाची गरज पडली नाही. यात एक विसंगती आहे: तिन्ही शयनगृहे वर असल्याने घरातील थंड भाग दिवसा वापरला जातो आणि तापलेला भाग रात्री झोपायला मिळतो. बैठ्या घराच्या छतावर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढरा परावर्तक लेप देणे हे म्हणूनच ऐच्छिक काम समजू नये. नमुना घरात यांतले काहीही केलेले नव्हते.

उजेडाच्या बाबतीत बैठे घर स्पष्टपणे मागे आहे. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच उपयोगी पडतो. खिडकीची वरची कड 2.1 मीटरवर असेल तर चार-पाच मीटरच्या पुढे काळोखी सुरू होते. घर दहा मीटर रुंद आणि मधला पॅसेज दोन्हीकडून खोल्यांनी वेढलेला, म्हणून सकाळी दहा वाजताही त्यात दिवा जळत होता. बैठ्या घराला मिळालेली एक मोठी सवलत या आराखड्याने अशी वाया घालवली आहे, कारण ज्या घरात प्रत्येक खोलीच्या डोक्यावर आकाश आहे तेथे छतात एक-दोन काचेचे झरोके काढून किंवा मधोमध लहानसा चौक सोडून हा प्रश्न सुटतो. दुमजली घरात तळमजल्याला छतातल्या झरोक्यांची सोय सहसा मिळत नाही.

विक्री प्रतिनिधीचा आवडता मुद्दा असा होता की दुमजली घराला पाया निम्माच लागतो, म्हणून ते बांधायला स्वस्त पडते. हे अर्धे खरे आहे. जोत्याचे क्षेत्र आणि छताचे वॉटरप्रूफिंग निम्म्यावर येते, हे मान्य. पण स्लॅब मोजून पाहा: बैठ्या घराला 150 चौरस मीटरचा एक, आणि दुमजली घराला 75 चे दोन. बेरीज तीच. पायाचे खड्डे कमी होतात, तरी प्रत्येक कॉलमवर दोन मजल्यांचे वजन येत असल्याने फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद तळ, मोठे करावे लागते. वर साहित्य चढवणे, परांची बांधणे आणि जिना हा खर्च वेगळाच. जमीन कशी आहे यावर हे गणित पुष्कळ बदलते. कठीण मुरूम किंवा खडक उथळ लागत असेल तर बैठ्या घराचा पाया फारसा जड जात नाही; खोलवर उतरावे लागत असेल तर कमी जागेत कमी खड्डे हा दुमजली घराचा निर्विवाद फायदा होतो. ओलाव्याने फुगणाऱ्या आणि वाळल्यावर आकसणाऱ्या चिकणमातीत तर हलके बैठे घर अधिक जपावे लागते, कारण मातीच्या उचलीला दाबून धरण्याइतके वजन त्यात नसते आणि पसरलेल्या लांब भिंतींना तडे जाण्याची शक्यता वाढते. ‘बैठे घर म्हणजे साधा पाया’ हे वाक्य म्हणून माती तपासल्याशिवाय कुणीही मान्य करू नये. भूखंड लहान असेल तर अर्थात निवड आधीच झालेली असते: 300 चौरस मीटरमध्ये बैठ्या घराभोवती 150 चौरस मीटर मोकळी जागा उरते आणि दुमजली घराभोवती 225. चारही बाजूंना सोडावी लागणारी जागा वजा केली की बैठ्या घराच्या वाट्याला अंगण म्हणावे असे काही राहत नाही.

नळाच्या पाण्याविषयी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. टाकी छतापासून दीड मीटर उंच ठेवली तर बैठ्या घरातील शॉवरला सुमारे अडीच मीटर उंचीच्या पाण्याचाच दाब मिळतो. दाब बार या एककात मोजतात आणि दहा मीटर उंचीचे पाणी म्हणजे साधारण एक बार, म्हणजे हा दाब पाव बारच झाला. दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर हीच रडकथा आहे, पण खालच्या मजल्यावर दाब दुपटीहून अधिक असतो. दाब वाढवणारा पंप बसवणे किंवा टाकी आणखी उंचावर नेणे हे दोनच उपाय आहेत. देखभालीत बैठे घर सोपे: गटार, गळती, बाहेरचा रंग, सगळे एका साध्या शिडीच्या टप्प्यात राहते. दुमजली घरात वरच्या स्नानगृहाची गळती खालच्या दिवाणखान्याच्या छतावर नकाशे काढते, आणि आमच्या जुन्या घरात असा एक नकाशा शेवटपर्यंत राहिला.

‘बंगला’ हा शब्द मुळात बंगाली धाटणीच्या बुटक्या, बहुधा एकमजली घरासाठी होता; आज बंगला म्हटला की माडी गृहीत धरली जाते, आणि बैठे घर म्हणजे वर बांधायचे राहून गेलेले घर असे पाहुणे समजतात. ‘वर कधी चढवणार?’ हा प्रश्न आम्ही सहा वर्षे ऐकतो आहोत. तसा विचार असेल तर पाया आणि कॉलम सुरुवातीलाच दोन मजल्यांसाठी काढावे लागतात, आणि छतावर सोडलेल्या सळया उघड्या न ठेवता कच्च्या काँक्रीटने झाकाव्या लागतात, नाहीतर त्या गंजतात. नमुना बैठ्या घराच्या गच्चीवर अशा सळया वाऱ्यापावसात तशाच उभ्या होत्या, आणि खालचे फुटिंग दुसरा मजला पेलेल का असे विचारल्यावर तेथील अभियंत्याने नाही म्हटले. मग त्या सळया कशासाठी, याला ‘गिऱ्हाईक विचारते म्हणून’ असे प्रामाणिक उत्तर मिळाले.

आमच्यापुरता निर्णय बैठ्या घराच्या बाजूने झाला आहे. आमचा भूखंड पुरेसा मोठा आहे, माती उथळ मुरुमाची आहे आणि घरातील दोन माणसे साठीपुढची आहेत. या तिन्हींपैकी एक गोष्ट जरी वेगळी असती तरी मी दुमजली घर, खाली शयनगृह आणि पूर्ण स्नानगृह घालून घेतले असते. ज्या कुटुंबात मुले वाढत्या वयाची आहेत आणि कुणाचे गुडघे कुरकुरत नाहीत, त्यांनी दुमजली घराचाच विचार करावा, मात्र वर-खाली एकावर एक अशी दीड बाय दीड मीटरची दोन कपाटे आखून घ्यावीत, म्हणजे पुढे लिफ्ट बसवायची वेळ आल्यास घर फोडावे लागणार नाही.

नमुना आराखड्यात आम्ही चार बदल मागितले. पॅसेजवर दोन झरोके आणि छतावर उष्णतारोधक थर हे लगेच मान्य झाले. 45 सेंटिमीटर उंचीच्या जोत्यासाठी बारास एक या उताराने 5.4 मीटर लांबीचा रॅम्प मागितला, तेव्हा घराचा दर्शनी भाग बिघडेल असे म्हणत त्यांनी बराच वेळ घेतला आणि शेवटी तो बाजूच्या दाराला द्यायचे कबूल केले. मागच्या शयनगृहाची खिडकी शेजाऱ्यांच्या भूखंडाकडून काढून दुसऱ्या भिंतीत घ्यायला मात्र ते तयार नाहीत, कारण त्या भिंतीत स्नानगृहाचे पाइप आहेत; तेथे आता काचेची तावदाने आणि बाहेर एखादे दाट झुडूप यांवर भागवायचे ठरले आहे.